जुन्या मोटारीस दुसऱ्या सालचा पत्रा

थोरल्या भावाचा आंखूड झालेला सदरा धाकट्याच्या अंगावर चढवावयाचा, ही आमच्या एकत्र कुटुंबांतील जुनी रीत आहे. बाही किती दुमडावी, खांद्याची शिवण कोठें उसवावी, हें घरांतील एखादी वडीलधारी बाई नुसत्या डोळ्यांनीं मापून ठरवीत असे. आणि सदरा एकदां नीट बसला, कीं तो धाकट्याचाच झाला असें सर्वजण समजत. मात्र तो नवा कोरा आणला आहे, असें कोणी पाहुण्यांस सांगूं लागला, तर तें खोटें होई. जुन्या मोटारी दुरुस्त करून पूर्ववत् करण्याचा जो छंद अलीकडे आपल्याकडील कित्येक घरांत शिरला आहे, त्यांतील एक नाजूक प्रश्न याच जातीचा आहे. एका सालच्या गाडीच्या अंगावर दुसऱ्या सालच्या गाडीचा पत्रा चढवावा कीं नाहीं? चढविल्यास तो कसा बसवावा? आणि बसविल्यानंतर त्या गाडीविषयीं लोकांस काय सांगावें?

हा प्रश्न आमच्यापुढें आला तो असा. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं १९६६ सालची फोक्सवागन ‘बीटल’ गाडी आहे. त्यांचे वडील जर्मनींत नोकरीस होते. परत येतांना ती त्यांनीं बरोबर आणली. ते वारल्यानंतर गाडी मागील दारच्या छपराखालीं बरींच वर्षें उभी होती. छपराची एक पन्हळ नेमकी तिच्या उजव्या अंगावर गळे. त्यामुळें पुढचें उजवें मडगार्ड खालच्या बाजूनें चाळणीसारखें झालें. घरांतील नातू यंत्रशास्त्र शिकलेला आहे. त्यानें मोडींत निघालेल्या दुसऱ्या एका बीटलचें, १९७० सालचें, निकोप मडगार्ड पैदा केलें आणि तो तें लावावयास निघाला. तों आजी म्हणाल्या, “तें लावलेंस, तर ती ह्यांची गाडी राहायची नाहीं.” नातू म्हणाला, “आजी, जुने बोल्ट काढायचे आणि तेच परत लावायचे, एवढेंच तर आहे.” आम्ही त्या दिवशीं तेथें बसलों होतों. दोघांचेंहि बोलणें आम्हांस खरें वाटलें. आणि दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशीं भांडूं लागल्या म्हणजे विचार करणें भाग पडतें.

प्रथम या गाडीची घडण समजून घेतली पाहिजे. फर्डिनांड पोर्श यांनीं आंखलेली ही गाडी १९३८ सालीं आकारास आली. तिची शेवटची प्रत मेक्सिकोंतील पुएब्ला येथील कारखान्यांतून ३० जुलै २००३ रोजीं बाहेर पडली. तोंपर्यंत २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या झाल्या होत्या. फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा उच्चांक तिनें १७ फेब्रुवारी १९७२ रोजींच मागें टाकला होता. एवढ्या दीर्घ काळांत तिची मूळ मांडणी बदलली नाहीं. खालीं पत्र्याचा सपाट तळ आणि त्याच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखी पोकळ नळी. त्या तळावर बोल्टांनीं आवळलेलें वरचें अंग. आणि त्या अंगास चारी कोपऱ्यांवर स्वतंत्रपणें लावलेलीं चार मडगार्डें. प्रत्येक मडगार्ड आठ-दहा बोल्टांवर बसतें आणि तें व अंग यांच्या सांध्यांत एक बारीक पट्टी असते, म्हणजे पत्र्यावर पत्रा घासत नाहीं. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर साध्या बीटलमध्यें २४०० मिलिमीटर; तें पहिल्यापासून शेवटपर्यंत तेंच. तेव्हां एका सालचें मडगार्ड दुसऱ्या सालच्या गाडीस लावण्याचा मोह व्हावा, यांत नवल नाहीं.

परंतु हाडें तींच राहिलीं, म्हणून चेहरा तोच राहिला असें मात्र झालें नाहीं. या कारखान्याचें नवें वर्ष ऑगस्टमध्यें सुरू होई, आणि त्या वेळीं कांहीं ना कांहीं फेरफार होत. मार्च १९५३ मध्यें मागील खिडकीच्या दोन फांकी जाऊन एकच लंबगोल कांच आली. ऑगस्ट १९५७ मध्यें ती लंबगोल कांच जाऊन मोठी चौकोनी कांच आली. ऑगस्ट १९६४ मध्यें सगळ्याच खिडक्या थोड्याथोड्या मोठ्या झाल्या. सर्वांत मोठा बदल झाला तो ऑगस्ट १९६७ मध्यें. तोंपर्यंत पुढचे दिवे मडगार्डाच्या उतारावर कलते बसविलेले असून त्यांवरची कांचहि त्याच उतारानें बसे. ते आतां सरळ उभे झाले. बंपर जाड व सरळ होऊन वर चढला. बंपर वर चढला, म्हणून पुढचें बॉनेट आणि मागचें इंजिनावरील झांकण आंखूड झालें. आणि तीं आंखूड झालीं, म्हणून त्यांच्याखालचे पत्रेहि बदलले. पुढें १९७० च्या ऑगस्टांत ‘१३०२’ ही निराळ्या रचनेची गाडी निघाली. तिच्या पुढच्या चाकांची बैठक वेगळी आणि नाक लांब असल्यामुळें तिचीं पुढचीं मडगार्डें, बॉनेट व नाकाखालचा पत्रा हें सारें स्वतंत्रच होतें. दोन वर्षांनीं आलेल्या ‘१३०३’ ची समोरची कांच बाकदार झाली आणि तिच्यामुळें बॉनेट आणखी निराळें झालें. तात्पर्य, ‘बीटलचा पत्रा’ असें कोणी नुसतें सांगितलें, तर त्यानें कांहींच सांगितलें नाहीं, असें समजावें.

आतां आमच्या स्नेह्यांच्या अंगणांत काय झालें, तें पाहावें. नातवानें १९७० सालचें मडगार्ड लावून पाहिलें, तर बोल्टांचीं भोकें बरोबर जुळलीं. तो आजींकडे पाहून हंसला. परंतु चार पावलें मागें सरून पाहतों, तों गाडीचा डावा डोळा आकाशाकडे आणि उजवा समोर भिंतीकडे! म्हणजे डावें मडगार्ड निकोप असूनहि उगाच बदलावयास हवें. बरें, दोन्ही बदलावयाचीं म्हटलें, तर बंपर धरणारें ब्रॅकेट ज्या भोकांतून बाहेर येतें, तें भोंक नव्या मडगार्डास उंचावर आहे. सबब बंपरहि नवा हवा. नवा बंपर वर चढला, कीं जुनें लांब बॉनेट व त्याखालचा जुना पत्रा त्याच्या मागें विजोड दिसूं लागतात. तेव्हां तेहि बदलावे, तर नाकाखालचा पत्रा बोल्टांनीं लावलेला नसून अंगास वेल्डिंग केलेला असतो. म्हणजे गाडीच्या अंगास करवत लावणें आलें. एका मडगार्डाच्या खालच्या वीतभर गंजापायीं १९६६ सालचा सारा चेहरा नाहींसा व्हावयाचा, ही त्या ‘एवढेंच’ ची पुढची गोष्ट होती. नातू शहाणा होता. त्यानें बोल्ट परत सोडले.

शाळेंत संस्कृत शिकवितांना स्थानी आणि आदेश हे दोन शब्द आम्हांस मुलांना वारंवार समजावून द्यावे लागत. ज्याच्या जागीं दुसरें येतें तो स्थानी, आणि जें येतें तो आदेश. पाणिनीनें अशी व्यवस्था लावून दिली आहे, कीं आदेशास स्थानीचे अधिकार प्राप्त होतात. परंतु जें कार्य प्रत्यक्ष वर्णाच्या रूपावरच अवलंबून असतें, तेथें ते अधिकार चालत नाहींत. मोटारीच्या पत्र्यास हा नियम तंतोतंत लागू पडतो. चाकाचा चिखल अडविणें, बोल्टांवर घट्ट बसणें, हें मडगार्डाच्या जागेचें काम; तें १९७० सालचें मडगार्डहि बिनतक्रार करील. परंतु दिव्याचा कल, बंपरचें भोंक, बॉनेटची कड हें सर्व प्रत्यक्ष रूपाचें काम. तेथें दुसऱ्या सालचा पत्रा पहिल्याचे अधिकार सांगूं लागला, तर तो लबाडी करतो. तेव्हां पत्रा हातीं घेतांना ‘हा बसतो काय?’ एवढेंच विचारूं नये. ‘याच्या रूपावर आणखी काय काय अवलंबून आहे?’ हें आधीं विचारावें.

वैयाकरणांची आणखीहि एक गोष्ट येथें उपयोगी आहे. ते आगमास मित्र मानतात आणि आदेशास शत्रू. कारण आगम शेजारीं येऊन बसतो, आदेश मात्र दुसऱ्यास उठवून त्याच्या जागीं बसतो. नातवास शेवटीं मार्ग सांपडला तो यांतच. दोन सालच्या मडगार्डांत फरक होता तो दिव्याच्या खोबणीपाशीं आणि बंपरच्या भोकापाशीं. पायरीस चिकटणारा जो मागचा खालचा भाग, तेथें दोघांची वळणें सारखीं दिसत होतीं. आणि जुनें मडगार्ड कुजलें होतें तें नेमकें तेथेंच. मग सबंध मडगार्ड उठवावयाचें कशास? नव्याचा तेवढाच भाग कापून जुन्यास जोडावा, म्हणजे दिवा जुना, उतार जुना, वरचा सगळा बांक जुना. आणि पाहुणा मित्रासारखा खालीं येऊन बसेल.

हें काम सांगावयास सोपें, परंतु करावयास चिकाटीचें आहे; म्हणून त्याची रीत थोडी विस्तारानें देतों. प्रथम जाड कागदाचा फर्मा जुन्या मडगार्डाच्या चांगल्या भागावर ठेवून कापला. तोच फर्मा दुसऱ्या सालच्या मडगार्डावर त्याच जागीं ठेवून पाहिला. जेथें कागद आणि पत्रा यांत फट दिसली, तेथून दूर कापावयाचें ठरविलें. ही परीक्षा प्रत्येकानें केली पाहिजे. ‘एकाच गाडीचा, तेव्हां सारखाच असेल,’ या भरंवशावर राहूं नये. त्यानंतर कुजलेला भाग पुरता काढला. गंज डोळ्यांस दिसतो तेवढाच नसतो. पत्र्याच्या पोटांत तो दोन बोटें पुढें गेलेला असतो. नखानें टिचकी मारली असतां जेथें टणक आवाज येतो, तेथपर्यंत कापावें. जोडावयाचा तुकडा आधीं किंचित् मोठा ठेवावा, जुन्यावर धरावा, रेघ ओढावी आणि मग कानसून कड कडेस भिडवावी. एकावर एक चढवून जोडलेला पत्रा करावयास सोपा, पण त्या दोन पदरांत पाणी शिरतें आणि गंज पुनः तेथूनच सुरू होतो.

वेल्डिंग करतांना घाई केली, कीं सर्व श्रम व्यर्थ. मोटारीचा पत्रा एका मिलिमीटरच्या आंतबाहेर जाड असतो. एका टोंकापासून सरळ दुसऱ्या टोंकापर्यंत वेल्डिंग ओढीत नेलें, तर तापून तो पापडासारखा वांकडा होतो. म्हणून प्रथम दूर दूर टिपके द्यावे. एक या टोंकास, दुसरा त्या टोंकास, तिसरा मध्यें. आणि प्रत्येक टिपका निवल्यावरच शेजारचा द्यावा. मग आंतून डॉलीचा टेंका देऊन बाहेरून हातोडीनें हलकेहलके ठोकून वळण आणावें. डेंटिंगच्या मिस्त्रींनीं नातवास एक गोष्ट चांगली सांगितली, “डोळ्यानें पाहूं नका, डोळे मिटून तळहात फिरवा.” डोळ्यास न दिसणारा उंचवटा तळहातास कळतो. लांबी भरावयाची ती अगदीं शेवटीं, आणि तीहि नखाएवढ्या जाडीची. जेथें बोटभर लांबी भरून वळण आणलें आहे, तेथें पत्र्याचें काम झालेंच नाहीं, असें समजावें. दोन पावसाळ्यांत तिची खपली निघते.

आणखी एक सूचना. रंग देण्यापूर्वीं सर्व पत्रे एकदां गाडीवर चढवून पाहावे आणि तोंपर्यंत एकहि बोल्ट पुरता आवळूं नये. बॉनेटची फट दोन्ही बाजूंस सारखी आहे कीं नाहीं, दार उघडतांना मडगार्डाच्या कडेस घासत तर नाहीं, दिव्याची कडी नीट बसते कीं नाहीं, हें सर्व पाहून मगच मधली पट्टी घालावी आणि आळीपाळीनें बोल्ट आवळावे. रंग दिल्यानंतर चूक सांपडली, तर ती बहुधा चूक म्हणून सुधारली जात नाहीं. ‘चालायचेंच’ म्हणून राहून जाते.

प्रत्येक गाडी बीटलसारखी सोशिक नसते, हेंहि सांगितलें पाहिजे. आपल्याकडे जिला प्रेमानें ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, ती फियाट ११०० गाडी १९५३ सालीं जिनिव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम आली आणि पुढें मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार होऊं लागली. तिच्याच वंशांतील ‘पद्मिनी’ मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. या वंशांतहि चाकांमधील अंतर तेंच राहिलें. म्हणून पद्मिनीचे मुबलक मिळणारे पत्रे डुक्कर फियाटला लावावे, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. परंतु या गाडीस बीटलसारखा स्वतंत्र तळ नाहीं. तिचें अंग हाच तिचा सांगाडा. शिवाय जुन्या गाडीचीं पुढचीं दारें मधल्या खांबावर बिजागरीनें टांगलेलीं असून मागच्या बाजूस उघडत. पुढच्या सालांत तीं पुढच्या खांबावर आलीं. येथें दार बदलणें म्हणजे बिजागरी बदलणें, आणि बिजागरी बदलणें म्हणजे सर्व भार पेलणाऱ्या खांबास हात घालणें. जी गोष्ट बीटलमध्यें रूपाची आहे, ती येथें जिवाची होते. अशा ठिकाणीं त्याच सालचा भाग मिळेपर्यंत वाट पाहावी, किंवा आहे तोच दुरुस्त करावा. तिसरा मार्ग नाहीं.

आतां शेवटचा प्रश्न, सांगावयाचें काय? जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराविषयीं १९६४ सालीं व्हेनिस येथें विद्वानांनीं एक सनद तयार केली. नव्यानें घातलेला भाग जुन्याशीं एकजीव दिसावा, पण तो नवा आहे हें ओळखतांहि यावें, असें तींत म्हटलें आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानें २०१२ सालीं त्याच धर्तीवर ट्यूरिनची सनद स्वीकारली. बदल करणें भागच असेल, तर तो मूळ रूपास न बाधणारा, शक्य तर परत काढतां येण्याजोगा असावा आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आशय आहे. आपल्या देशांतहि जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांपलीकडील गाड्यांची स्वतंत्र नोंदणी होऊं लागली असून त्यांच्या पाटीवर ‘व्हीए’ हीं अक्षरें असतात. अशी गाडी मूळ रूपांत राखलेली असावी आणि तिचा तळ, अंग वा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावे, अशी अट आहे. तेव्हां परक्या सालचा चेहरा चढविणें हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाहीं. पुढें विकतांना, नोंदवितांना किंवा प्रदर्शनांत मांडतांना त्याचा जाब द्यावा लागतो.

आजींच्या म्हणण्यांतील एक बाजू येथें उलट बोलते, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. कायद्यानें पाहूं गेल्यास बीटलची ओळख मडगार्डांत नाहींच. तिचा नंबर मागच्या बैठकीखालीं, त्या मधल्या नळीवर ठोकलेला असतो. चारी मडगार्डें बदललीं, तरी नंबर तोच राहतो. परंतु आजींनीं ती गाडी नंबर वाचून ओळखली नव्हती. स्टेशनावरून घरीं येतांना फाटकाशीं वळणारे ते कलते दिवे त्यांनीं पाहिले होते. कायदा ज्यास गाडी म्हणतो आणि घर ज्यास गाडी म्हणतें, तीं दोन्ही राखणें हेंच खऱ्या दुरुस्तीचें काम आहे.

काम पुरें झालें, त्या दिवशीं नातवानें एक वही केली. कोणत्या सालच्या मडगार्डाचा, किती लांबीरुंदीचा तुकडा, कोणत्या तारखेस, कोठें जोडला, हें त्यानें तींत लिहिलें. कापण्यापूर्वींचें व नंतरचें छायाचित्र चिकटविलें. आणि ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवली. कापून काढलेला गंजका तुकडाहि आजींनीं फेकूं दिला नाहीं. तो फडक्यांत बांधून बॉनेटखालीं ठेवला आहे. मग त्यांनीं मडगार्डावरून हात फिरविला आणि विचारलें, “कोठें जोडलेंस रे?” नातवानें वही उघडून दाखविली. आजी म्हणाल्या, “हातास लागत नाहीं खरें.”

आम्हांस वाटतें, या साऱ्या विद्येचें सार त्या दोन वाक्यांत आहे. जोड हातास लागूं नये. आणि कोणी विचारलें, तर वही उघडून दाखवितां यावा. यांपैकीं पहिली गोष्ट साधली आणि दुसरी नाहीं, तर ती फसवणूक होय. दुसरी साधली आणि पहिली नाहीं, तर तें ठिगळ होय. दोन्ही साधल्या, तर मात्र दुसऱ्या सालचा पत्राहि त्या गाडीच्या घरचाच होतो. जसा थोरल्याचा सदरा धाकट्याचा होतो, आणि तरीहि तो थोरल्याचा होता, हें घरांतील कोणीहि विसरत नाहीं.